तीन नंबरचं गार पाणी

२८ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

नमस्कार. तुम्ही आणि आई मजेत असाल. मी ठीक आहे. जेवते, झोपते, पहिल्या बाकावर बसते आणि शेवटच्या बाकावरच्यांसारख्या जांभया देते. 'पत्रास कारण की' लिहून लगेच मुद्द्यावर यायची तुमची शिस्त मला माहीत आहे, पण कारण असं काही नाही. सहज लिहितेय.

फोन का केला नाही म्हणून आई फुगली असेल. तिला सांगा, फोन तिच्याच हातात असतो, तो ती स्पीकरवर टाकते, आणि तुम्हाला ऐकू जावं म्हणून मला बोंबलावं लागतं. मागच्या वेळी "पोट ठीक आहे" हे मी व्हरांड्यात उभी राहून तीनदा ओरडून सांगितलं. तेव्हापासून मजल्यावरच्या मुली रोज सकाळी माझ्या पोटाची विचारपूस करतात. जन्मभर पंपांच्या आवाजात कान तुम्ही घालवलेत आणि शिक्षा मला. त्यापेक्षा पत्र बरं.

तुम्ही विचारलं होतंत, वसतिगृहात बाथरूमची सोय कशी आहे. तुम्ही दुसरं काय विचारणार म्हणा. तर मजल्यावर मुली सव्वीस आणि बाथरूम चार. गरम पाणी सकाळी सहा ते साडेसात. पावणेआठला पहिला तास. म्हणजे हिशेब तुम्हीच करा आणि मग माझी दया येऊ द्या. दाराबाहेर बादल्यांची रांग लागते. जिची बादली आधी, तिचा नंबर आधी. बादलीतला मग सरळ ठेवलेला असेल तर मालकीण येते आहे, उपडा असेल तर तिने नंबर सोडला. दुसरीची बादली पायाने सरकवणं हा इथला सगळ्यात मोठा गुन्हा. कुणाचं पुस्तक लांबवलंत तर एक वेळ माफी मिळेल, बादली सरकवलीत तर आठवडाभर तुमच्याशी कुणी बोलणार नाही. एकीशी खरंच बोलत नव्हत्या. ती रडून रडून अर्धी झाली.

चार नंबरच्या बाथरूमला सगळ्या 'बर्फखाना' म्हणतात. पाइप तिथे संपतो, त्यामुळे तिथवर पोचेपर्यंत गरम पाण्याचा जीव गेलेला असतो. तिथे कुणी बादली लावत नाही. मी तिथेच आंघोळ करते. ना रांग, ना कटकट. गार पाण्याने आंघोळ करणारी म्हणून मुली मला 'पहिलवान' म्हणतात. तुम्हाला हसू येईल. घरी पाण्यात बोट घालून बघितल्याशिवाय मी तांब्या उचलत नसे. पण माणूस बदलतो.

तीन नंबरची गंमत वेगळीच. सकाळी सव्वासहाच्या सुमारास त्याचं गरम पाणी दहाएक मिनिटं रुसतं, मग आपलं आपण येतं. मुलींनी तक्रारी केल्या, म्हणून फिटरकाकांनी मागच्या आठवड्यात गच्चीवरच्या बॉयलरचं तापमान वाढवून सत्तर अंशांवर ठेवलं. फिटरकाका म्हणजे तुमच्याच धंद्यातले. बावीस वर्षं इथले नळ सांभाळतात. फार बोलत नाहीत. तुमच्यासारखीच कानामागे पेन्सिल.

माझ्या खोलीत माझ्याबरोबर जी मुलगी आहे तिचं नाव पडलंय 'रेडिओ'. बाथरूममध्ये शिरली की गाणं सुरू. तीन नंबर तिचं लाडकं, कारण तिथे आवाज घुमतो. मंगळवारी तिथे शॉवरखाली तिला जरा भाजलं. मान आणि डावा खांदा. डॉक्टर म्हणाले, भरून येईल. काळजीचं कारण नाही.

तुम्हाला एक विचारायचं होतं. असंच, माहिती म्हणून. शॉवरला गरम आणि गार दोन्ही एकत्र येत असेल आणि गार एकदम बंद झालं, तर अंगावर किती गरम पाणी येतं? आणि भाजल्याचा डाग राहतो का? तुमच्या हातावरचे राहिलेत का? मी कधी नीट बघितले नाहीत.

आणखी एक. पाकिटावर दुकानाचा शिक्का मारू नका. इथे टपाल जेवणाच्या हॉलमध्ये टेबलावर पसरून ठेवतात, शिक्क्याची शाई पत्त्यावर उतरते. साधं पाकीट पुरे.

आईला सांगा, स्वेटर घालते.

तुमची आगाऊ लेक

ता. क. ते गार पाण्याचं जरा लवकर कळवा.


६ डिसेंबर

प्रिय बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं, साध्या पाकिटात. आईने आत कोंबलेली सर्दीच्या गोळ्यांची पट्टीही मिळाली. मला सर्दी नाही हे तिला कुणी सांगायचं?

तुम्ही अगदी व्यवस्थित लिहिलंत. बॉयलर सत्तरवर असेल तर अंगावर सत्तरचंच पाणी येणार, बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. भाजल्यावर वीस मिनिटं गार पाणी सोडत राहायचं. व्हॉल्व्ह आपला आपण बंद होत नाही, त्याला हात लागतो. आणि शेवटी लिहिलंत की भिंतीमागून काम करताना डावं-उजवं उलटं होतं. बाथरूममध्ये जे गरम पाणी डाव्या हाताला असतं ते मागच्या बाजूने उजव्या हाताला दिसतं. 'नवशिका तिथे हमखास चुकतो, मुरलेला माणूस चुकत नाही.' हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

इथे चौकशी चालू आहे. रेडिओने सांगितलं की गार पाणी एकाएकी बंद झालं आणि थोड्या वेळाने परत आलं. व्हरांड्याच्या टोकाला एक अरुंद दार आहे, त्याला डक्ट म्हणतात. आत सगळे पाइप उभे, आणि प्रत्येक बाथरूमचे दोन-दोन व्हॉल्व्ह, एक गरमचा, एक गारचा. पूर्वी मुली आत शिरून चाकं फिरवत बसायच्या, म्हणून फिटरकाकांनी सगळ्या व्हॉल्व्हची चाकं काढून टाकली. नुसत्या चौकोनी दांड्या उरल्यात. पान्याशिवाय त्या हलत नाहीत. दाराला कुलूप नाही, नुसती तार गुंडाळलेली असते, कारण पान्याशिवाय आत जाऊन कुणी करणार काय?

म्हणून सगळं फिटरकाकांवर आलं. तापमान त्यांनी वाढवलं, पाना त्यांच्याकडे, आणि त्या दिवशी सकाळी सहाला बॉयलर बघायला ते इमारतीत होतेच. पहिल्या दिवशी ठामपणे म्हणाले, "मी त्या व्हॉल्व्हला हात लावलेला नाही." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "लावलेला आठवत नाही." चौथ्या दिवशी रेक्टर मॅडमनी रेडिओची सोबतीण म्हणून मलाही ऑफिसात बोलावलं होतं. माझ्यासमोर काकांनी लिहून दिलं की व्हॉल्व्ह त्यांच्याकडूनच बंद झाला असावा. सही करताना मॅडमना म्हणाले, "बाई, आठवत तर खरंच नाही. पण माझ्याशिवाय कुणाकडे पाना नाही. म्हणजे मीच की. वय झालं, दुसरं काय."

मॅडम वाईट नाहीत हो. त्यांनी काकांना पाणी दिलं. पण सतरा तारखेला, बुधवारी, समिती बसणार आहे आणि त्यांना काढणार असं सगळ्या धरून चालल्यात.

आता काका प्रत्येक नळ दोनदा बघतात. काल आमच्या बेसिनचा वायसर बदलला, जिन्यापर्यंत गेले, परत आले, नळ पिळून बघितला, पुन्हा गेले. मी दात घासत होते. मला म्हणाले, "बंद आहे ना गं? नीट बघ हं." मी म्हटलं, "बंद आहे काका." तरी उभेच राहिले. ते तुमच्याहून तीन-चार वर्षांनी मोठे असतील.

रेडिओच्या मानेवर आणि खांद्यामागे फोड आले होते, ते फुटले. रोज दुपारी मलम मी लावते. ती पालथी पडते, उशीत तोंड खुपसते आणि म्हणते, "तुझा हात हलका आहे गं. नर्स नुसती रंग दिल्यासारखी फासते." गाणं बंद आहे. आंघोळ बादलीने करते, तीही मी दाराबाहेर उभी राहिले तरच. आतून दर मिनिटाला विचारते, "पहिलवान, आहेस ना?" मी म्हणते, "आहे." पुन्हा विचारते. मी पुन्हा सांगते. बाहेर बाकीच्या बादल्या रांगेत ताटकळत असतात आणि कुणीही ब्र काढत नाही.

माझं जेवण कमी झालंय हे खरं आहे. आईला कळवू नका. मेसच्या बाईंनी विचारलं, "घरची आठवण येते का?" मी हो म्हटलं. तेवढं सोपं होतं.

तुम्ही असता तर काय केलं असतंत? म्हणजे फिटरकाकांच्या जागी. बावीस वर्षांत एकदा चूक झाली तर माणसाला काढतात का? आणि समजा चूक त्यांची नसलीच, समजा दुसऱ्याच कुणाची असली, तर त्या दुसऱ्या माणसाने

राहू दे. परीक्षा जवळ आलीय, डोकं ठिकाणावर नाही.

तुमची लेक (आगाऊपणा सध्या बंद आहे)


११ डिसेंबर

बाबा,

तुमचं पत्र आज दुपारी आलं. अख्ख्या कागदावर एक ओळ. 'पाना कुठे आहे?' खाली सही.

पाना माझ्या ट्रंकेत होता, स्वेटरांच्या खाली. तुम्हीच निघताना टाकला होतात, खाटेचे नट ढिले होतात म्हणून. आता तो रेक्टर मॅडमच्या टेबलावर आहे.

मीच, बाबा. तुम्हाला ते कळलं आहे म्हणूनच ती ओळ आली, हे मलाही कळतंय. तरी माझ्या तोंडून सांगायला हवं. सगळं सांगते, मधे थांबले तर पुन्हा लिहिणं व्हायचं नाही.

ऑक्टोबर सरता सरता एकदा डक्टचं दार उघडं दिसलं. काका आत होते. मी सहज डोकावले, आणि मला सगळं समजलं. तीन आणि चार नंबरचं गरम पाणी एकाच फाट्यावर आहे. तीनचा गरम व्हॉल्व्ह साडेतीन फेरे आवळला की चारला झक्क गरम पाणी येणार. बाकीच्या पंचवीस जणींना ते पाइप म्हणजे नुसतं जंगल. मला मात्र पाटी वाचावी तसं वाचता आलं. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला जाऊन फिरवला. दहा मिनिटं बर्फखान्यात ऐसपैस, कढत पाण्याने आंघोळ. मग परत उघडून ठेवला. रोज. पहिलवान कसली, चोर होते.

थंडी वाजायची म्हणून केलं असं आधी लिहिणार होते. ते खरं नाही. थंडी सगळ्यांनाच वाजते. मला येतं म्हणून केलं. सव्वीस जणी बादल्या घेऊन उभ्या आहेत आणि आपल्या एकटीला त्यातून वाट काढता येते, याचा मला माज आला होता. तीन नंबरात कुणीतरी कुडकुडत असायची आणि भिंतीपलीकडे मला तिचं कुरकुरणं ऐकू यायचं. मला हसू यायचं, बाबा.

तक्रारी माझ्यामुळे झाल्या. तक्रारींमुळे तापमान वाढलं. म्हणजे सत्तरपर्यंतही मीच नेलं.

रोज मी आधी पाइपला हात लावून बघत असे, गरम कोणता ते. त्या मंगळवारी व्हरांड्यात कुणाच्या तरी चपला वाजल्या, आणि मी हात न लावता डावीकडच्या दांडीला पाना घातला. डावीकडे गरम, उजवीकडे गार. लहानपणापासून तुमच्यासाठी बॅटरी धरून उभी राहिले ती नेहमी बाथरूममध्ये, भिंतीच्या पुढच्या बाजूला. मागून उलटं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. हाताला ठाऊक नव्हतं.

तीन नंबरात रेडिओ गात होती. मी चार नंबरात जाऊन नळाखाली हात धरला. पाणी गारच. काहीतरी चुकलं हे लक्षात येतंय तोवर पलीकडे गाणं मधेच तुटलं आणि ती किंचाळली.

आता जे सांगते ते मी इथे कुणाला आपण होऊन सांगितलं नव्हतं. ती किंचाळली तेव्हा मी तिच्या दाराशी गेले नाही. आधी डक्टकडे पळाले. व्हॉल्व्ह उघडला. त्यामुळे तिच्या अंगावर गार पाणी आलं, ते बरंच झालं, असं मी स्वतःला पंधरा दिवस समजावलं. पण उघडल्यावर मी दार लावलं. दाराला तार गुंडाळली, होती तशी, चार वेढे. पाना कमरेला खोचून वर टॉवेल घेतला. मग जाऊन तिचं दार वाजवलं. तेवढा वेळ ती आत एकटी होती.

आज तुमचं पत्र वाचलं आणि ताट तसंच ठेवून पंपाच्या खोलीत गेले. काका पाइपला दोरा गुंडाळत होते. मी म्हटलं, "काका, तो व्हॉल्व्ह मी फिरवला होता."

त्यांनी वर बघितलं नाही. "कुणी शिकवून पाठवलं तुला? दया नको करूस पोरी. जा, अभ्यास कर."

मी पाना पुढे केला. मग मात्र ते उठले. जिने चढून मला डक्टपाशी घेऊन गेले, तार सोडली.

"दाखव."

मी पाना लावला.

"किती फेरे?"

"साडेतीन."

"रोज हाच?"

"रोज शेजारचा. गरमचा. त्या दिवशी चुकून हा."

त्यांनी दांडीवरच्या खुणा अंगठ्याने चाचपल्या. माझ्या हातातून पाना घेतला, त्याचे दात त्या खुणांवर बसवून बघितले. मग स्वतःचा पाना काढून तोही लावून बघितला. तो मोठा आहे, बसला नाही. आणि काका तिथेच डक्टच्या उंबऱ्यावर खाली बसले.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," म्हणाले.

मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते ओरडले, "बारा दिवस! सही केल्यापासून बारा दिवस मी बायकोला विचारतोय, गॅस बंद केला का मी? दार लावलं का? घरची पोरं बघतात माझ्याकडे आणि कुजबुजतात. रस्ता ओलांडताना माझा हात धरतात! तू रोज समोरून जात होतीस. मी तुला विचारलं होतं, नळ बंद आहे ना. विचारलं होतं की नाही?"

मी हो म्हटलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. माफी मागितली, पण त्यांनी ऐकली की नाही ठाऊक नाही. दंडाला धरून मला सरळ ऑफिसात घेऊन गेले.

रेडिओ तिथेच होती. औषधाच्या कागदांवर सही करायला आली होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला हे पटत नाही. तू पहिल्या वर्षाची मुलगी. पाइप कुठला कुठे जातो हे तुला कसं कळणार? पाना कसा धरतात हे तरी ठाऊक आहे का?"

बाबा, इथे मला दुसरी गोष्ट सांगायला हवी. ती पहिलीपेक्षा अवघड आहे.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मुली एकमेकींच्या वडिलांबद्दल बोलत होत्या. एकीचे डॉक्टर, एकीचे बँकेत मोठ्या हुद्द्यावर, रेडिओचे प्राध्यापक. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी म्हटलं, पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहेत. कुणी मला काही हिणवलं नव्हतं. कुणी विचारही केला नसता. मीच आधी लाजले. शिक्का नको म्हणून लिहिलं ते शाईसाठी नव्हतं. 'सर्व प्रकारची नळदुरुस्ती' हे टेबलावर कुणी वाचू नये म्हणून होतं. तुम्ही का म्हणून विचारलंही नाहीत, नुसतं ऐकलंत. तुम्ही तेव्हाच ओळखलं असेल का, हा विचार मला डक्टपेक्षा जास्त छळतो.

आणि याच खोटेपणाने मला वाचवलं. इंजिनिअरच्या मुलीच्या ट्रंकेत पाना असेल असं कुणाच्या डोक्यात येणार? तुम्हाला लपवलं म्हणून मी लपले, आणि फिटरकाका उघड्यावर पडले.

तर मॅडमनी विचारलं, तुला कसं कळणार. रेडिओ माझ्याकडे बघत होती, काका बघत होते. मी म्हटलं, "माझे वडील प्लंबर आहेत. त्यांनी मला शिकवलंय."

काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, कशाने ते मला सांगता येत नाही.

रेडिओने फक्त एक विचारलं. "मी ओरडले तेव्हा तू आधी कुठे गेलीस?"

मी म्हटलं, "डक्टकडे."

"गार पाणी परत आलं, आणि मग कितीतरी वेळाने तू दार वाजवलंस. मला वाटलं, घाबरून मला तसं वाटत असेल." ती उठली. "मलम शेजारच्या खोलीतल्या मुलीकडून लावून घेईन. माझी गादी तेवढी तिकडे पोचती करायला सांगा, मॅडम. मला उचलवत नाही." गादी मी नेली नाही. तिने नको म्हटलं. दोन मुलींनी नेली. मी खाटेवर बसून बघत होते. आता खोलीत मी एकटी आहे.

जेवणाच्या हॉलमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. त्यांचं बरोबर आहे. इथे एक बादली सरकवली तर आठवडा जातो. मी तर सगळ्यांचं पाणीच सरकवलं होतं.

मॅडमनी काकांनी लिहून दिलेला कागद त्यांच्यादेखत फाडला. त्यांचं काम राहील. वसतिगृह मला सोडावं लागेल हे जवळजवळ नक्की. कॉलेजात ठेवायचं की नाही ते बुधवारी समिती ठरवील. तुम्हाला त्या दिवशी अकरा वाजता बोलावलंय. मॅडम तेव्हाच फोन लावायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, "त्यांना फोनवर ऐकू येत नाही, आणि हे त्यांनी आईच्या तोंडून ऐकू नये. मी लिहिते." आजच्या शेवटच्या टपालात हे जाईल, परवा तुमच्या हाती पडेल. आईला काय आणि किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. रागावून येणार असलात तरी या. येणार नसलात तर तेही मी समजून घेईन. नाही, हे खोटं. समजून घेणार नाही. या, बाबा.

सोबत एक कागद आहे. वर मी स्वतःच्या हाताने लिहिलेला जबाब, जे केलं ते सगळं, तारखांसकट. खाली 'हा मजकूर मी वाचला आहे' असं छापलंय आणि पालकांच्या सहीसाठी जागा आहे. तुम्ही नीट वाचून मगच सही करा. काही कमी लिहिलंय असं वाटलं तर सांगा, मी वाढवीन.

सही करताना मी माझं नाव आणि आडनाव एवढंच लिहिलं होतं. मुद्दाम. अशा कागदावर तुमचं नाव यायला नको म्हणून. कारकुनांनी तो उलटा माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "पूर्ण नाव लागतं. वडिलांचं नाव मधे लिही, स्पष्ट." दोन शब्दांच्या मधे जागा फार थोडी होती. तिथे मी तुमचं नाव लिहिलं. जरा दाटीवाटीने बसलंय, पण वाचता येतं.

तुमचं नाव लावणारी,
तुमची मुलगी